गुरुवारी सुट्टी घेणारी बाई

हसणार असाल तर आधी कप खाली ठेवा, चहा अंगावर सांडला तर मला बोलायचं नाही. आणि भिणार असाल तर माझ्याकडे सरकू नका. ह्या भानगडीत सगळ्यात जास्त भ्यायलो होतो तो मीच!

हल्ली जो उठतो तो मला शिकवतो. "आजोबा, माणसानं स्वतःसाठी वेळ काढावा, एखादा छंद जोपासावा." अरे शहाण्यांनो, मी काढला होता वेळ! पंचाहत्तर सालच्या आसपास. त्या वेळाचं काय झालं ते ऐका, मग शिकवा मला.

मी चौथी नापास. पिंपरीत एका कंपनीत लेथवर. एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी. गुरुवारी सुट्टी, कारण त्या दिवशी आपल्या पट्ट्यात कारखान्यांची वीजच बंद. चिंचवडला नदीच्या अंगाला चाळीत एक खोली. तीत मी, बायको हौसा, पोरगी शकू आणि खुंटीला बापाची सनई.

बाप गावच्या देवळात सनई वाजवायचा. त्यानं फुंकली की बैल रवंथ थांबवायचे. मी पोटासाठी इकडे पळालो, शिकायचं राहून गेलं. तो गेला आणि सनई माझ्या वाट्याला आली. पंधरा वर्षं खुंटीवरून नुसती माझ्याकडे बघत होती. शकूचं लग्न ठरलं तशी मी मनाशी गाठ मारली: पोरगी सासरी निघताना आज्याची सनई वाजलीच पाहिजे, आणि वाजवणार मी! हातात दोन महिने.

घरात पहिली फुंक मारली. शेजारचे रसूलभाई मोटारींचे मिस्त्री, ते हातातला पाना घेऊनच धावत आले.

"काका, कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही! सनई आहे ही."

"मग घरात नका वाजवू. लोक खांदा द्यायला येतील."

झालं. जागा शोधणं आलं. रावेतच्या वाटेवर बाभळींत बुजलेली एक जुनी पायऱ्यांची विहीर होती. रावेत तेव्हा गाव होतं, असे इमारतींचे डोंगर नव्हते. विहिरीत हिरवं शेवाळ, कडक उन्हातही आत गारवा, आणि काठावर पाखरू म्हणून बसत नसे. मी म्हटलं, उत्तम! ऐकायला कोणी नाही, नावं ठेवायला कोणी नाही. दुसरी शिफ्ट असली की दुपारी बाराला, पहिली असली की सुटल्यावर तिन्हीसांजेला, पाचव्या पायरीवर बसायचो. घरी सांगायचो, "युनियनची मीटिंग आहे." गुरुवारी कंपनीच बंद, मग मीटिंग कुठली? त्या दिवशी घरीच.

आणि काय ती विहीर! मी फुंक थांबवली तरी सूर थांबायचा नाही. खालून, पाण्यातून, क्षणभर चालूच. सनईवाल्यामागं सूर धरणारा बसतो ना, अगदी तसा. मी खूश! फुकटात जोडीदार मिळाला!

थोडे दिवस गेले आणि माझ्या पायरीवर हिरव्या बांगड्या दिसल्या. नव्याकोऱ्या. दुसऱ्या दिवशी कुंकू माखलेलं लिंबू. तिसऱ्या दिवशी पत्रावळीवर दहीभात, बरोबर माझ्या बसायच्या जागी. आसपास माणूस नाही, पाऊल नाही. खोटं कशाला बोलू? भूक लागली होती, खाल्ला.

त्याच आठवड्यात रावेतची गजराबाई दूध घालायला आली ती दारातच बसली.

"हौसाक्का, त्या बाभळीच्या विहिरीकडं जाऊ नगा. बाई रडतीया तितं."

"कोण बाई?"

"कुनाला ठावं? म्या सोता आयकलंय. गेल्या हप्त्यात भर दुपारी रडायची, या हप्त्यात तिन्हीसांजंला. आमी दहीभात ठेवला, त्यो बी खाल्ला तिनं."

"रोज रडते?"

"रोज. गुरवारी तेवढी न्हाई."

आता तुम्ही माना डोलवाल. भूत शिफ्टप्रमाणं येतं, गुरुवारी सुट्टी घेतं! कोणाच्याही डोक्यात उजेड पडावा ना? चाळीतही पडला, पण कसला? बाईचा नवरा कंपनीत असणार. नवी नवरी, त्याचा डबा घेऊन निघाली, तहान लागली, विहिरीत पाय घसरला. अजून त्याच्या शिफ्टप्रमाणं वाट बघते बिचारी! सगळ्यांना पटलं. मला सगळ्यांच्या आधी पटलं.

गेल्या हप्त्यात भर दुपारी तिथं मी होतो. ह्या हप्त्यात तिन्हीसांजेला तिथं मीच होतो. म्हणजे बाई माझ्या पाठीशी बसून रडत होती आणि मी एकदाही मागं वळून बघितलं नव्हतं! दहीभातसुद्धा तिचाच, मी तिच्या तोंडचा घास खाल्ला! आणि मी थांबल्यावर न थांबणारा तो सूर... तो तिचाच!

ती मीच असेन असं मनात का आलं नाही म्हणता? अहो, मी सनई वाजवत होतो! मंगल वाद्य! सनई कुठली आणि रडणं कुठलं, एवढं कळत होतं मला.

जाणं सोडायला हवं होतं. पण लग्न वीस दिवसांवर, आणि दुसरी जागा कुठे होती? गेलो. पाठ भिंतीला लावून बसलो आणि पाण्याला हात जोडले. "बाई, तुझं दुःख मोठं आहे. पण माझी पोरगी जाणार आहे गं. तासभर वाजवू दे."

वारा नव्हता. बाभळीचं पान हलत नव्हतं. पण पाण्यावरचं शेवाळ मधोमध फाटलं, खालचं काळं पाणी दिसलं, आणि ते हळूच पुन्हा मिटलं. मी डोळे गच्च मिटून वाजवलं.

दुसऱ्या दिवशी गजराबाई सांगत आली, "काल लई हमसून रडली गं! कुनीतरी तिच्या जिव्हारी लागंल असं बोललं असंल."

मला दोन दिवस ताप.

शेवटी गावानं भगत आणला. त्यानं अंगात आणून सांगितलं, "तिची पाठवणी न्हाई झाली. हिरवं लुगडं, बांगड्या, नारळ. नवरीवानी ओटी भरा आन वाजतगाजत वाटं लावा."

सगळं जमलं, पण वाजवायला कोणी येईना. भुताची सुपारी कोण घेणार? मी उठलो. "सनई मी वाजवतो."

हौसा बघतच राहिली. "तुम्ही? कधी शिकलात?"

"युनियनच्या मीटिंगमध्ये."

दिवस गुरुवारचा ठरला. सगळ्यांना सुट्टी, आणि त्या दिवशी बाईही येत नाही. सूर्य बुडता बुडता पन्नासेक माणसं विहिरीवर जमली. उदाचा धूर वर जाईना, पायऱ्यांवरच लोळत होता. गजराबाईनं लुगडं पायरीवर ठेवलं. कोणी हात लावला नाही, तरी पदर आपोआप एकेक पायरी खाली सरकला, पाण्याकडे. बायकांनी पोरं पोटाशी धरली. भगतानं मला मानेनं खूण केली.

मी बापाला आठवलं आणि सगळा जीव गोळा करून फुंकलं.

गजराबाई किंचाळली, "आली! गुरवारी बी आली!"

पहिला पळाला भगत. त्याच्यामागं गाव. आणि मी? मी काय तिथं बसतोय! सनई हातात, धोतर दुसऱ्या हातात, बाभळीपर्यंत मी भगताला मागं टाकलं होतं. तिथं रसूलभाईंनी माझी कॉलर धरली.

"काका, तुम्ही का पळताय?"

"रडली ना ती!"

"कधी?"

"आत्ता! मी वाजवायला लागलो तेव्हा!"

रसूलभाईंनी माझ्याकडे असं बघितलं जसं बंद पडलेल्या ट्रककडे बघावं. "काका, मी आवाजावरून बिघाड सांगतो. एकदा फुंका."

फुंकलं. लांबून गजराबाईची आरोळी आली आणि पळणाऱ्यांनी वेग वाढवला.

"आता थांबा."

थांबलो. लोकही थांबले.

"सापडला बिघाड. तुमच्या तोंडापाशीच आहे."

मी मटकन खाली बसलो. बाप वाजवायचा तेव्हा बैल थांबायचे. मी वाजवलं तर भगत पळाला!

हसत हसत निघालो दोघं. पण एक सांगतो, चेष्टा नाही. सनई माझ्या काखेत होती, आणि मागं विहिरीत बारीक सूर चालूच होता. विहीर घुमते म्हणावं, तर इतका वेळ? रसूलभाईंच्या तोंडावरचं हसू गेलं. "काका, हा बिघाड मला कळत नाही. चला." आणि ते माझ्यापुढं चालायला लागले.

सनई परत खुंटीला टांगली. लग्न लागलं, जेवणं झाली, शकू निघाली. दारात अडली. "आबा, आज्याची सनई?"

"नको पोरी. लोक पळतील."

"पळू देत. वाजवा."

वाजवली. पळालं कोणी नाही, पण रडले सगळे. शकू रडली, हौसा रडली, नवरदेव रडला, आचारी झारा टेकून रडला. मला वाटलं, जमलं! ऐन मांडवात बापाचं नाव राखलं!

तेवढ्यात गर्दीतून गजराबाई पुढं आली. हातात विहिरीवरचं तेच हिरवं लुगडं, बांगड्या, नारळ. माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि सगळं माझ्या उपरण्यात घातलं.

विहीणबाई चक्रावल्या. "अगं बाई! व्याह्यांची ओटी?"

"व्हय," गजराबाई मांडवभर ऐकू जाईल अशी म्हणाली. "रसूलभाईंनी समदं सांगितलंय मला. ज्याची ओटी त्याला द्यावी, घरात ठिवू नये. हीच आमची विहिरीवरची बाई. दहीभात बी हिनंच खाल्ला."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "मीठ कमी होतं."