मावशी बसल्या की

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मावशींसारखं बसणं अख्ख्या नवी मुंबईत कुणाला जमलं नाही आणि जमणारही नाही. समाजकार्याची पदवी घेतलेली माणसं मोर्चे काढतात, घोषणा देतात. मावशी जाऊन बसायच्या, बस्स! तुर्भ्याच्या एका वस्तीचं पाणी तोडलं, तेव्हा त्या पालिकेच्या अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये मेथीच्या जुड्या घेऊन बसल्या. "तुमी तुमचं काम करा साहेब, मी माजं करते." दुपारपर्यंत टेबलावर, फायलींवर, साहेबांच्या चष्म्याच्या डबीत मेथीचे देठ! शेवटी बिचाऱ्याने हात जोडले आणि पाणी सोडलं. खाडीकाठच्या गावातल्या त्या. आवाज कधी चढवला नाही, पण काम झाल्याशिवाय उठल्याही नाहीत. मी चिडवायचो, "मावशी, खुर्चीला डिंक लावून बसता का हो?" त्यांना त्याचं कोण कौतुक!

एकदा आमच्या खारघरच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या रंजनावर चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी सोन्याची चेन चोरल्याचा आळ घेतला. गेटवर सगळ्यांसमोर तिची पिशवी उलटी केली, पोलीस बोलावले. ते तिला घेऊन गेले, तर मावशी मागोमाग पोलीस ठाण्यात हजर. उन्हं उतरू लागली तशी म्हणाल्या, "सूर्य मावळल्यावर बाईला ठेवता येत नाय. तुमाला ठाऊक हाय, मना ठाऊक हाय. मंग?" आणि हवालदाराच्या आईच्या गुडघेदुखीची चौकशी करत बसून राहिल्या. उजेड असतानाच रंजना सुटली. पुढे चेन वहिनींच्याच माहेरी, उशीच्या अभ्र्यात सापडली. आम्ही म्हटलं, चला, मिटलं. छे! मावशींनी गेटवर खुर्ची टाकली. "चोर इथंच म्हनलात ना, मंग माफी पन इथंच." वहिनी खाली आल्या, माफी मागितली, आणि रंजना ढसाढसा रडली.

एवढं झाल्यावर सोसायटीला टेन्शन आलं. मावशी भाडेकरू, मालकाने करार वाढवला नाही. त्या कळंबोलीला राहायला गेल्या आणि वर्षाच्या आत तिथेच वारल्या. फार आठवण येते हो त्यांची. समोर आता सज्जन माणसं राहतात, पण भांडणात आपल्या बाजूने बसणारं कुणी नाही.

परवा नव्या वॉचमनने गेटवर रंजनाला पिशवी उघडायला सांगितली. तिने मागून येणाऱ्या माझ्याकडे बोट दाखवलं. "आधी साहेबांची बघा. मग माझी." मी पिशवी उघडली: कांदे, ब्रेड, दोन बनियन. वॉचमनच ओशाळला आणि दोघांनाही जा म्हणाला. मी हसत हसत वर आलो आणि हे कधी एकदा सांगतो असं होऊन समोरच्या बेलकडे बोट नेलं.