दाढ, उपरणे आणि दिवाळसण

बोलून फसलेली माणसे तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. मी गप्प राहून फसलो, ते कसे ते ऐका.

कर्जतच्या पेठेत माझे कापडाचे दुकान. ऐन पंचविशीत एक दाढ हलायला लागली, घास अडकून ठणका लागे. एका पारशी डॉक्टराने सांगितले, "शेट, काडीने कोरू नका. जेवण झाले की रेशमाचा दोरा दातांच्या फटीतून फिरवा. रोज." मला फारच पटले. रेशीम तर घरचेच!

पहिल्या दिवाळसणाला पोशीरला सासरी गेलो. करंजीतले खोबरे दाढेत अडकले आणि दोरा राहिला कर्जतला. सासऱ्यांनी सकाळीच दिलेल्या रेशमी उपरण्याची एक दशी सुटली होती. तोडली तर उपरणे बिघडेल, म्हणून न तोडताच दाढांमध्ये घातली. तिला होती गाठ. ती आत गेली, बाहेर येईना. आता मी आणि उपरणे, एकाच दाढेला बांधलेले.

तेवढ्यात सासरे ओसरीवर आले. काय सांगणार? उपरणे तोंडावर धरून गप्प बसलो.

"जावईबापू रुसलं जनू," ते सासूबाईंना म्हणाले. दिवाळसणाला जावयाने रुसायचे आणि सासऱ्याने काही देऊन त्याला हसवायचे, ही रीतच. त्यांनी बोटातली अंगठी पुढे केली. मी मान हलवून नको म्हटले.

"आंगठीवर भागत नाय वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

मी आणखी जोरात मान हलवली.

घरात दुभती म्हैस एकच, दोन लहानगे मेहुणे तिच्या दुधावर. "म्हस न्या मंग," सासरे हळूच म्हणाले आणि गोठ्याकडे वळले.

दाराआडून आमची मंडळी पुटपुटली, "म्हस न्याल, तर तिच्याच संगं संसार करा."

सासरे दावे सोडू लागले. मी ताडकन उठून धावलो. उपरण्याचे टोक माझ्याच पायाखाली. एक हिसका, आणि दाढ दशीला लोंबकळत बाहेर.

"मामा, म्हैस नको," मी रक्ताळल्या तोंडाने म्हणालो. "दोरा अडकला होता."

सासूबाईंनी दाढेकडे निरखून पाहिले. "अगं बया. आमी द्याया बसलो, आन जावईबापूच दात दिऊन चालले."

दोरा मी आजही रोज फिरवतो, आधी कापून घेऊन. त्या एका फटीला मात्र त्याची गरज उरली नाही. तिथे आता बोट मावते.