अंड्यांचे डॉक्टर आणि यमुनाबाईंचा डोळा

प्रयोगशाळेत विषाणू वाढवायला घाम गाळावा लागतो, किस्से मात्र आपोआप वाढतात! आम्ही जुने सहकारी भेटलो की संशोधनाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. "ते आठवतं का गं?" यातच चहा संपतो.

सत्तर सालाच्या आसपास मी नागपूरला मेडिकल कॉलेजच्या एका प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली लागले. आमचा विषय हर्पिस. तापात किंवा काळजीत ओठावर फोड येतात ना, ते याचेच प्रताप. एकदा अंगात शिरला की कायमचा मुक्काम ठोकतो. सर त्याला 'घरजावई' म्हणत!

* * *

नमुने गोळा करायचा आमचा हंगाम म्हणजे परीक्षा. टेन्शन आलं की पोरांच्या ओठांवर फोड! म्हणून सर सुपरव्हिजन मागून घेत आणि रांगांमधून फिरत एकेकाचे ओठ न्याहाळत. पोरांना वाटलं, कोण पुटपुटून उत्तरं सांगतंय ते सर पकडतायत. सगळा हॉल चिडीचूप!

पेपर संपल्यावर त्यांनी एकाला थांबवलं, तर तो रडकुंडीला आला. "सर, आईशप्पथ, मी काहीच नाही बोललो जी!"

"अरे, बोलू नकोच, फोड फुटेल! नुसतं तोंड इकडे कर."

प्राचार्य मात्र असे खूश, की पुढची सगळी सुपरव्हिजन सरांच्याच गळ्यात पडली.

* * *

हा विषाणू आम्ही कोंबडीच्या अंड्यांत वाढवायचो. आत पिल्लू वाढत असलेलं अंडं घ्यायचं, कवचाला बारीक खिडकी पाडायची, नमुना आत सोडायचा. मग काही दिवसांनी आतल्या पडद्यावर पांढरे ठिपके उठतात का ते बघायचं. ठिपके उठले तर हर्पिस.

सरांच्या घरी अंड्याचं नावही निघत नसे. कुणीतरी त्यांच्या आईंकडे चुगली केली की तुमचा मुलगा दिवसभर अंडी फोडतो. आईंनी जेवायला बसलेल्या मुलाला जाब विचारला.

"फोडत नाही आई, इंजेक्शन देतो."

"म्हणजे, आजारी असतात की काय?"

"नाही, मी दिल्यावर पडतात!"

त्या दिवसापासून अंघोळ केल्याशिवाय सरांना स्वयंपाकघरात प्रवेश बंद झाला.

* * *

मग यमुनाबाई आल्या. भिवापूरच्या. मिरचीची देठं खुडायचं काम करायच्या. एक डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. आता उरलेलाही लालभडक झाला होता आणि त्याने धूसर दिसत होतं. गावात सगळे म्हणाले, मिरची लागली. बाई गार दुधाच्या घड्या ठेवत बसल्या आणि डोळा बिघडतच गेला.

डोळ्यांच्या वॉर्डातही दोन मतं पडली. मिरचीची जळजळ असेल तर एक औषध होतं. पण आत हर्पिस असेल, तर त्याच औषधाने डोळा हातचा जायचा! सर म्हणाले, "थांबा. अंडी सांगतील."

बाईंच्या डोळ्यातला नमुना अंड्यांत सोडला. त्या रोज विचारायच्या, "डॉक्टरसाहेब, कोंबडी अंडं दिलं की लगेच बोंबलते. तुमचे अंडे काहून चूप बसून राहिले?"

सर हसून वेळ मारून नेत.

* * *

त्यात मे महिना! अंड्यांना ऊब देणारी पेटी म्हणजे इनक्युबेटर. पण नागपूरच्या मे महिन्यात पेटीपेक्षा खोलीच गरम! बाईंची अंडी उकडून जाऊ नयेत म्हणून पेटी खसच्या कूलरसमोर ठेवली, तिच्यावर ओली गोणपाटं टाकली, आणि आम्ही मुली पाळीपाळीने पाणी मारत बसलो.

मुंबईहून आलेल्या एका पाहुण्या शास्त्रज्ञांनी कौतुकाने पेटीचं दार उघडलं. सर केवढ्यांदा ओरडले, "दार लावा! गरमी आत जाईल!"

पाहुणे चक्रावले. "अहो, पण हा इनक्युबेटरच आहे ना?"

"आहे ना! पण नागपुरात आहे!"

त्या अंड्यांत ठिपके उठले. हर्पिसच! त्यावरचे डोळ्यात घालायचे नवे थेंब तेव्हा नागपुरात कुठेच मिळत नव्हते. त्याच पाहुण्यांनी मुंबईला पोहोचल्या पोहोचल्या ते धाडून दिले. दारावरून ओरडा खाल्लेला माणूस! त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

* * *

थेंब तासातासाला घालायचे. सिस्टर, बाईंचे यजमान, आम्ही मुली, कुणी कंटाळलं नाही. अशा माणसांत माझी उमेदीची वर्षं गेली, हे माझं भाग्यच.

डोळ्यातली जखम भरली. पण बुबुळावर डाग राहिला असेल, तर बाईंना पुढे काहीच दिसणार नव्हतं. तपासायच्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर सरांना म्हणाले, "तुम्हीच विचारा."

सर लांब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. हात वर केला. "बाई, किती बोटं?"

यमुनाबाईंनी मान तिरपी केली, डोळा बारीक केला. यजमानांनी खाटेची दांडी घट्ट धरली.

"बाई?"

"बोटं दोनच हायेत, डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "पण तुमचा हात काहून थरथरून राहिला?"