खुर्चीवर ओतलेलं पाणी

"थांब तिथंच! अंगणात ठेव अन् लांब हो," खोतांची म्हातारी आई ओटीवरून ओरडली. मी डोक्यावरची सागवानी खुर्ची उतरवली. माझा विटाळ काढायला तिने तांब्याभर पाणी खुर्चीवर ओतलं. मग गड्याला म्हणाली, "ने आता आत." ओल्या खुर्चीला कोणी फडकंसुद्धा लावलं नाही.

रेवदंड्याच्या आमच्या फर्निचर सोसायटीतली ती माझ्या हातची पहिली खुर्ची. स्वातंत्र्य नवं होतं. सरकारी साहेब लोक येऊन सांगत, आपलं सागवान मुंबईला जातं आणि खुर्ची होऊन परत येतं. ती इथंच करा, देश उभा राहील. त्या हवेत मला, महारवाड्यातल्या माणसाला, सुतारांच्या ओळीत बसून रंधा धरायला मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी खोत सोसायटीत आले. खुर्चीवर पांढरे चट्टे उठले होते. लाखेच्या ताज्या पॉलिशवर पाणी साचलं की ते उठतातच.

"महाराच्या हातात रंधा दिला की असंच व्हायचं," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

चट्टे कशाने उठतात ते प्रत्येक सुताराला ठाऊक होतं. कोणी मान वर केली नाही. मॅनेजर माझ्या कानाशी आले. "चूक झाली म्हण. शाळेच्या बाकांचं काम त्यांच्या हातात आहे."

मी म्हणालो, "चूक झाली, मालक."

शब्द मॅनेजरांचे, पण तोंड माझं होतं. त्याची लाज अजून जात नाही.

लाख, स्पिरिट आणि चिंध्या घेऊन पुन्हा त्याच अंगणात बसलो. उन्हात घासलं, बोळा फिरवला. खुर्ची चमकली. खोत खूश. "आता कसं!" आणि म्हातारी पुन्हा तांब्या घेऊन आली.

मी खुर्चीपुढे आडवा उभा राहिलो.

"पानी वतायचं न्हाय, आजी."

"मेल्या, शिवशील! बाजूला हो."

"न्हाय होनार."

खोत भडकले. "माज आला काय रे? मग ने तुझी खुर्ची. कोण घेतो बघू!"

नेली. डोक्यावर घेऊन, भर वस्तीतून.

बाकांचं काम गेलं. मला सोसायटीतून काढलं. एक सुतार वाटेत अडवून म्हणाला, "तुला तांब्याभर पानी सोसलं न्हाय, आन् आमी घरी बसलो." त्याच्या घरची चूल माझ्यामुळे थंडावली, हे ओझं मी वाहतो. तरी 'चूक झाली' हे पुन्हा म्हणणार नाही.

आता माझी स्वतःची शेड आहे. साहेब अजून येतात, उद्योग वाढवा म्हणतात. वाढवतो. पण मागच्या दाराने माल देत नाही. खुर्ची पुढच्या ओटीवर ठेवतो, शेजारी उभा राहतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, "माझ्यादेखत बसा."

बसला नाही, तर खुर्ची परत नेतो.