सतरावा टेक

दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय. साडेपाचला तुळशीराम वायदंडेंच्या, म्हणजे आमच्या नानांच्या शोकसभेत बोलायचंय. तोवर अर्धा तास पडतो. पंख्याची घरघर ऐकता ऐकता टेपची घरघर होते, आणि मी स्टुडिओत, काचेच्या अलीकडे संगीतकाराच्या खुर्चीवर बसलेला असतो.

काचेपलीकडे नाना. कानाला हेडफोन, मांडीवर क्लॅरिनेट. जाऊन तेरा दिवस झालेत, पण मला त्याचं काहीच वाटत नाही. उलट मी खेकसतो, "नाना, उशीर केलात!"

"झाला जरा, साहेब. लांबनं यावं लागलं."

आमचा किस्सा सगळ्यांना तोंडपाठ आहे. मीच सांगत फिरतो ना! नानांचे सोळा टेक वाया गेले, तेव्हा मी रेकॉर्डिस्टला म्हणालो, "वरातीत वाजवणारा माणूस, याला स्टुडिओ कसला झेपतोय!" काचेपलीकडच्या वादकांशी बोलायचं बटण तेवढं चुकून दाबलेलं राहिलं. नानांसकट सगळ्यांनी ऐकलं. आणि सतराव्या टेकला नानांनी असं वाजवलं, की व्हायोलिनवाले आपला सूर लावायचंच विसरले. बक्षीस मला मिळालं. कलाकाराकडून काम कसं काढून घ्यावं, यावर भाषणं ठोकली मी. नाना मात्र पुन्हा कुठल्याच स्टुडिओची पायरी चढले नाहीत.

काच नाहीच आता. आम्ही वरातीच्या रस्त्यावर, भर उन्हात. घोडा उभा आहे, नवरदेव नाही. नानांच्या अंगात बँडचा कोट, खांद्याची झालर उसवलेली.

"येक इचारू? रागवायचं न्हाई."

"विचारा की."

"ते बटण चुकूनच राहिलं हुतं न्हवं? पोरगी म्हनायची, मुद्दाम केलं त्यांनी. मी म्हनलं, गप बस, साहेब तसलं न्हाईत."

अरे देवा! शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. बोल, मी स्वतःला म्हणतो, मेलेल्या माणसाशी तरी खरं बोल. मला लाज वाटतेय, मरणाची लाज. शब्द पार तोंडाशी येतो आणि मी ओठ दातांखाली घट्ट धरतो.

नाना वाट बघतात. मग झालर सारखी करत म्हणतात, "ऱ्हाऊ द्या, साहेब." आणि घोड्यामागनं चालू लागतात.

"अहो, रक्त येतंय!" कुमुद, माझी बायको, मला हलवतेय. उशीच्या अभ्र्यावर लाल डाग. खालच्या ओठात माझेच दात रुतलेत.

"उठा, गाडी आलीय. नानांची मुलगी पहिल्या रांगेत बसणार आहे म्हणे. तो बटणाचा किस्सा सांगा, तेवढीच माणसं जरा हसतील."

ओठ ठणकतोय. तोंड उघडलं की पुन्हा रक्त येतं.

"मी मुद्दाम दाबलं होतं ते, कुमुद. तेच सांगतो आज तिला."