पेनदुआच्या हजार भाकरी

पेनदुआ आमच्या गावात धान्य मापायचा. आम्ही डोंगरात राजांची थडगी कोरतो आणि पगार गव्हाजवात घेतो. आमचं धान्य मापताना त्याचा अंगठा कायम मापाच्या आत असायचा. त्या एका अंगठ्यावर त्याने घर बांधलं आणि दोन गाढवं घेतली. एरवी माणूस देवभोळा.

म्हातारपणी त्याला पश्चिमेकडच्या, म्हणजे मेलेल्यांच्या मुक्कामाची धास्ती बसली. पोटी मूल नाही, मग मेल्यावर जेवू कोण घालणार? तेव्हा थडग्यांच्या वाटेवर आपली शिळा उभी करायची, असं त्याने ठरवलं. शिळेवर वर आपलं चरित्र असतं आणि खाली येणाऱ्याजाणाऱ्यांना विनंती, की एवढं म्हणा, ‘पेनदुआला हजार भाकरी, हजार बुधले बियर.’ कोणी ते मोठ्याने म्हटलं, की तिकडे ताट येतं. कोणीच म्हटलं नाही, तर उपास.

कोरायचं काम माझ्याकडे आलं.

“लिही, मी भुकेल्याला भाकर दिली,” पेनदुआ म्हणाला.

“कोणाला, काका?”

“सगळेच लिहितात रे! तुझ्या बापाचं काय जातं? पुढे घे. उघड्याला कापड दिलं. काठावर अडकलेल्याला होडी दिली.”

“पण तुमच्याकडे होडी कुठाय?”

“दिली, म्हणून तर नाहीये.”

कोरली होडी. ‘मी मापात पाप केलं नाही’ हेही मी कोरलं. छिन्नीला लाज नसते आणि मला घर चालवायचं होतं.

पुढे सण आला. त्या दिवशी सगळं गाव नटूनथटून, टोपल्या भरून आपापल्या मेलेल्यांना भेटायला जातं. आपलं ताट कोण वाढतंय ते बघायला पेनदुआ स्वतःच्याच शिळेमागे लपून बसला. मी शेजारच्या शिळेचा रंग उजळत होतो.

आधी बियर गाळणारी तुई आली, बरोबर नवरा. नवऱ्याने वाचायला सुरुवात केली. “भुकेल्याला भाकर...” एवढ्यावरच तो मटकन खाली बसला. तुईला वाटलं, उन्हाने चक्कर आली. पण तो हसत होता. गर्दी जमली. मापाची ओळ आली तसे सगळ्यांनी अंगठे वर केले. पोट धरधरून हसले आणि पुढे निघाले. भाकरीचं कोणी म्हटलंच नाही.

पेनदुआला राहवेना. तो ताडकन बाहेर आला. “शेवटची ओळ वाचा ना! नुसती तोंडाची वाफ दवडायची, खर्च काय त्यात?”

तुई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “काका, माझ्या बापाच्या शिळेपुढून गेल्या सणाला मुकाट्याने गेलात. तेव्हा ही वाफ कुठे होती?”

“घसा बसला होता माझा!”

मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू? मी म्हणालो, “काका, अजून वेळ आहे. अंगठा बाहेर काढून चार महिने नीट मापा. हीच माणसं आपणहून म्हणतील.”

त्याने आपला अंगठा उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं, सुधारला.

“चार महिने?” तो म्हणाला. “त्यापेक्षा खाली एक शाप कोर. जो म्हणणार नाही त्याला मगर खाईल. मगर स्वस्त पडेल ना?”

कोरली मगर. मजुरीचे जव त्याने स्वतः मापून दिले. कसे, ते सांगायला नको.

पुराच्या दिवसांत पेनदुआ गेला. आता सणाला त्याच्या शिळेपुढे जेवढी गर्दी असते तेवढी राजाच्या देवळापुढेही नसते. लोक मगरीसकट सगळं वाचतात आणि भाकरीची ओळ आली की तोंड मिटून पुढे सरकतात.

यंदा त्याची बायको वाबेतकाकू दिसल्या. मी म्हणालो, “काकू, तुम्ही तरी म्हणा.”

“नाव घेते की रोज,” त्या म्हणाल्या. “सगळं गाव घेतंय. नाव निघतंय तोवर माणूस तिकडे जिवंत राहतो ना?”

“राहतो. पण उपाशी.”

“जगता येतं,” काकू म्हणाल्या. “मी उघडू नये म्हणून भाकरीच्या पेटीला ते रोज मातीची मोहोर लावून जायचे. मी जगलेच ना?”