सासुरवाडीचं उत्खनन

पन्नाशीत कुणी ट्रेकिंगला जातं, कुणी बासरी शिकतं. मी मेटल डिटेक्टर मागवला. जमिनीवरून फिरवायचा, खाली धातू असला की तो केकाटतो. मला जुनी नाणी शोधायची होती. पण आम्ही राहतो माजिवड्याला, सोळाव्या मजल्यावर. तिथे खणलं तर खालच्यांच्या बेडरूममध्ये निघणार. म्हणून यंत्र घेऊन शहाडला सासुरवाडी गाठली.

"अहो, आईकडे लोक फळं घेऊन जातात," बायको म्हणाली.

शहाडला सासऱ्यांनी बांधलेलं बैठं घर आहे, भोवती अंगण. सासरे गेल्यापासून सासूबाई तिथे एकट्या राहतात. मेहुण्याला ते बिल्डरला देऊन टॉवर उठवायचा होता. सासूबाईंचं एकच म्हणणं, "मी आहे तोवर विटेला हात लावायचा नाही." मी पोचलो तेव्हा हाच वाद चालू होता. जावई फावडं घेऊन आलेला बघून दोघंही वाद सोडून अंगणात आले.

पहिल्या तासात सोड्याची बुचं, खिळे आणि एक चमचा निघाला. "अगंबाई, माझ्या रुखवतातला!" सासूबाई हरखल्या. "याच्यापायी मी जाऊबाईंशी बोलणं टाकलेलं."

मग स्वयंपाकघरामागच्या कोपऱ्यात यंत्राने अक्षरशः बोंब मारली. हातभर खाली तांब्याची डबी लागली. आत चार-दोन नाणी आणि बोटाएवढी धातूची मूर्ती.

"शिलाहारकालीन असावी," मी गंभीरपणे म्हणालो. चार व्हिडिओ बघितले होते, एवढं तर कळणारच.

सासूबाई पदराला हात पुसत आल्या आणि वाकून बघितलं. "जावईबापू, हा आमचा वास्तुपुरुष. वास्तुशांतीला आम्ही दोघांनी पुरलेला. घराची राखण करतो तो. तुम्ही उपटलात!"

मेहुणा एरवी गणपतीलाही उभ्याउभ्याच नमस्कार करतो. त्याला त्या क्षणी भक्ती सुचली. "आई, बघ! तो स्वतःच बाहेर आला. त्यालाही आता इथे राहायचं नाहीये."

"तो आला नाही. तुझ्या भावोजींनी काढलाय," असं म्हणून सासूबाईंनी गुरुजींना फोन लावला.

येत्या रविवारी पुन्हा वास्तुशांती ठरली. सगळे नातेवाईक बोलावले. दोष माझा, तेव्हा यजमान म्हणून मीच बसणार, असं समजून मी सोवळं इस्त्रीला टाकलं. पण सासूबाईंनी पाट मुलाला आणि सुनेला दिला. "घर तुझंच ना रे? मग तूच बस."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? या वास्तूत सहकुटुंब सुखाने नांदण्याचा संकल्प त्याने सोडला. गुरुजींमागून एकेक शब्द म्हणावाच लागला. मग स्वतःच्या हातांनी मूर्ती पुरली.

"नीट दाब," सासूबाई म्हणाल्या, माझ्याकडे बघत.

तेवढ्यात पाटाशेजारचा त्याचा मोबाईल वाजला. बिल्डरचा फोन होता. मेहुण्याचे दोन्ही हात मातीत, म्हणून सासूबाईंनीच उचलला.

"हो, आहे ना. पण तो आत्ता घराची वास्तुशांती करतोय," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "जेवायला या तुम्ही. पुरणपोळी आहे."